पन्नास लाखांचे नऊ बळी

महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव १३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत झाला आणि पुकारलेले पहिलेच नाव सांगलीचे निघाले : स्मृती मानधना. मुंबई आणि बेंगळुरू यांच्यात चुरस लागली, हातोडा पडला तो ३ कोटी ४० लाखांवर. प्रत्येक संघाच्या खिशात १२ कोटी होते. त्यातला पाव हिस्सा ओलांडून रॉयल चॅलेंजर्स बेंगळुरूने एकाच डावखुऱ्या फलंदाजावर पैसा लावला आणि तिला कर्णधारही केले. त्या दिवशीची ती सर्वांत मोठी बोली. पुढच्याच महिन्यात हा संघ पहिले पाचही सामने हरला. आठांपैकी जिंकले दोन. मानधनाच्या धावा आठ डावांत १४९.

असा मोसम गेल्यावर मालकांचा हात पहिल्यांदा कुठे जातो, हे जगभर ठरलेले आहे. प्रशिक्षक बेन सॉयर गेले. अ‍ॅडलेड स्ट्रायकर्सच्या महिला संघाला विजेतेपद मिळवून देणारे ल्यूक विल्यम्स आले. कर्णधार तीच राहिली. १७ मार्च २०२४ रोजी दिल्लीत याच संघाने अंतिम सामना आठ गडी राखून जिंकला. बेंगळुरूच्या पुरुष संघाला सोळा मोसमांत जे साधले नव्हते, ते महिलांनी दुसऱ्याच मोसमात साधले. नव्या गुरूने नशीब पालटले, ही गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला गोड. धावफलक मात्र वेगळे काही सांगतो.

त्या रात्री प्रतिस्पर्धी दिल्लीचा संघ बिनबाद ६४ वर होता. आठव्या षटकात सोफी मोलिन्यूने तीन बळी घेतले आणि सामना फिरला. श्रेयांका पाटीलने १२ धावांत चार, आशा शोभनाने दोन. उरलेली एक फलंदाज धावबाद. दिल्ली सर्वबाद ११३. मोलिन्यूला डिसेंबर २०२३ च्या लिलावात ३० लाखांना घेतले होते, श्रेयांका आणि आशा पहिल्या वर्षापासून दहा-दहा लाखांच्या. म्हणजे अंतिम सामन्यातले नऊ बळी पन्नास लाखांत आले. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत कोटींची नावे असतात. या संघाचे भाग्य यादीच्या तळाशी, घाईत वाचून सोडून द्यावे अशा ओळींत होते. दोन मोसमांच्या मधल्या काळातले खरे शहाणपण दोन गोष्टींत दिसले : फिरकीतली पोकळी ओळखून मोलिन्यू स्वस्तात आणली, आणि पहिल्या अपयशाने बिथरून आशा-श्रेयांकांना सोडले नाही.

याचा पुरावा पुढच्या वर्षी न मागता मिळाला. २०२५ मध्ये प्रशिक्षक तेच, कर्णधार तीच. पण मोलिन्यू, आशा आणि श्रेयांका या तिघीही खेळू शकल्या नाहीत. सोफी डिव्हाइन आणि केट क्रॉस यांनीही माघार घेतली. गतविजेते पाच संघांत चौथे आले. विल्यम्स वर्षभरात शिकवायचे विसरले, असे कोणी म्हणणार असेल तर म्हणो बापडे.

प्रशिक्षक बदलण्याचा हाच खेळ चालतो तो अमेरिकन फुटबॉलमध्येही, म्हणजे जो मुख्यतः हाताने खेळतात त्या फुटबॉलमध्ये. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने चोवीस मोसम आणि सहा विजेतेपदे पाहिलेल्या बिल बेलिचिक यांना जानेवारी २०२४ मध्ये निरोप दिला. शेवटच्या मोसमात चार विजय आणि तेरा पराभव झाले होते. जेरॉड मेयो आले. त्यांचाही हिशेब चार आणि तेरा. त्यांना एका वर्षात घरी बसवले. तिसरे प्रशिक्षक माइक व्रेबेल यांनी २०२५ मध्ये चौदा सामने जिंकून दिले खरे, पण त्या मोसमाआधीच्या सुट्टीत मालकांनी नव्या खेळाडूंवर थैली मोकळी सोडली होती. श्रेय कोणाच्या पदरात टाकायचे, याचा वाद तिथे खुशाल चालो.

कृष्णाकाठच्या माणसाला हे सगळे जरा उलटे वाटते. तालमीत वस्ताद जागेवर असतो, पोरगा गाव सोडून त्याच्याकडे येतो. साताऱ्यात आजही तेच दिसते. नागपूरचा ओजस देवतळे तिरंदाजी शिकायला प्रवीण सावंत यांच्याकडे साताऱ्यात आला. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये तो आणि साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी, दोघेही एकाच दिवशी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक जगज्जेते झाले. लीगमध्ये वस्ताद आणि पठ्ठा दोघेही मालकाचे, आणि संगत महिनाभराची. तेवढ्या वेळात कोणाचा स्टान्स घडत नाही. फार तर अकरा जण नीट निवडता येतात. वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके प्रो कबड्डीत दिल्ली, मुंबई, बेंगळुरू असा फिरला. प्रत्येक ठिकाणी जर्सी नवी आणि शिकवणारा नवा, चढाई मात्र गावच्या मैदानावरून सोबत नेलेली.

मानधनाचेही तसेच. वडील आणि भाऊ जिल्ह्याकडून खेळलेले, आणि लहानपणापासून शिकवणारे अनंत तांबवेकर सांगलीचेच. त्यांच्यावर कोणी बोली लावलेली नाही, त्यामुळे त्यांना काढून टाकण्याचाही प्रश्न येत नाही.

२०२६ चा मोसम जानेवारीत सरकला आणि तारखा ऑस्ट्रेलियातल्या बिग बॅशशी भिडल्या. तिथे गुंतलेले विल्यम्स गेले, त्यांच्या हाताखालचे मलोलन रंगराजन मुख्य प्रशिक्षक झाले. यावेळी कारण अपयश नव्हते, कॅलेंडर होते. मानधनाला साडेतीन कोटींना राखले गेले. दहा लाखांच्या श्रेयांकाला संघाने आता ६० लाख मोजून ठेवले. आशाला सोडले, आणि नोव्हेंबर २०२५ च्या लिलावात यूपी वॉरियर्सनी तिला १ कोटी १० लाखांना उचलले.