वस्तुतत्त्व आणि दोषाचें माप

मनुष्याचें ज्ञान दिक्, काल आणि कार्यकारणभाव यांच्या चौकटींतच घडतें. ती चौकट काढून टाकल्यावर वस्तु मुळांत कशी आहे हें जाणण्याचें साधन आपणांपाशीं नाहीं, असें इमॅन्युएल कांट यानें १७८१ सालीं 'शुद्ध बुद्धीची मीमांसा' या ग्रंथांत प्रतिपादिलें. त्या अज्ञेयाला वस्तुतत्त्व म्हणावें. लोकमान्यांच्या 'गीतारहस्या'मुळें हा शब्द मराठी वाचकांस परका नाहीं. जें कार्यकारणभावाच्या पलीकडे आहे तें आपल्या इंद्रियांवर परिणाम तरी कसें करणार, हा याकोबीचा १७८७ सालचा आक्षेप खोडून काढणें सोपें नाहीं. पण त्या वादांत येथें शिरावयाचें नाहीं.

त्याच ग्रंथांत एका खोटें बोलणाऱ्या मनुष्याचें उदाहरण आहे. त्याच्या दुष्ट असत्यानें समाजांत गोंधळ माजतो. आपण कारणें शोधूं लागतों: शिक्षण वाईट, संगत वाईट, स्वभाव निलाजरा, प्रसंगही तसाच. कृत्याचा पुरता उलगडा होतो. तरी आपण त्यास दोष देतोंच. कांटच्या मतें हें योग्यच आहे, कारण दृश्य जगांत तो कारणांनीं बांधलेला असला, तरी मुळांत तो जो कोणी आहे तो त्या सांखळींत सांपडत नाहीं. मनुष्याच्या स्वातंत्र्याला जागा मिळाली ती अशी, अज्ञेयाच्या प्रांतांत!

पुष्कळ वाचक येथेंच थांबतात. आमचें लक्ष मात्र त्याच प्रकरणांतील एका तळटीपेकडे जातें. कृत्यांची खरी नैतिक योग्यता, मग तीं आपलीं स्वतःचीं कां असेनात, सर्वस्वीं झांकलेली राहते. त्यांत स्वातंत्र्याचा भाग किती व उपजत स्वभावाचा किती हें कोणासही ठरवितां येत नाहीं, म्हणून पूर्ण न्यायानें निवाडाही कोणास करतां येत नाहीं, असें तींत म्हटलें आहे. म्हणजे ज्या तत्त्वानें दोष देण्याचा अधिकार दिला, त्यानेंच दोषाचें माप हातांतून काढून घेतलें.

आणि हाच कांट १७९७ सालीं लिहितो कीं, बेटावरील समाज विसर्जित होऊन लोक जगभर पांगणार असले, तरी तुरुंगांतल्या शेवटच्या खुन्यास आधीं देहान्त शिक्षा दिलीच पाहिजे! न्यायालय अंतःकरण तोलीत नाहीं, बाह्य कृत्यच पाहतें, असा त्याचा बचाव करतां येईल. परंतु 'ज्याच्या त्याच्या लायकीप्रमाणें' हे शब्द उच्चारतांच अंतःकरणाचा प्रश्न मागील दारानें आंत येतो. समाजाच्या रक्षणासाठीं तुरुंग असावेत, याविषयीं आमचा वाद नाहीं. पण जें माप मनुष्यापाशीं नाहींच असें कांट स्वतः सांगतो, त्या मापानें परत न घेतां येणारी शिक्षा द्यावयाची, हें आम्हांस त्याच्याच पहिल्या ग्रंथाशीं विसंगत दिसतें.