मुलांच्या नावाने

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मधली सुट्टी संपून तास सुरू झाले होते. एक पालक माझ्या खोलीत आले, त्यांच्या हातात दोनशे पानी वही होती. खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी ती माझ्या टेबलावर टाकली. “सर, तुम्हीच बघा की, नववीतल्या पोरी काय वाचायला लागल्यात ते!” वही त्यांच्या मुलीच्या दप्तरात सापडली होती, पण तिची नव्हती. वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीने तीत एक लांबलचक गोष्ट लिहिली होती आणि ती वही हातोहात वर्गभर फिरत होती. हॅरी पॉटरच्या जादूच्या शाळेत तिने आपल्या मनची एक नवी विद्यार्थिनी नेऊन बसवली होती. भाषा आमच्या भागातल्या मुलांची असते तशीच. मराठीत सुरू झालेले वाक्य कन्नडला वळसा घालून इंग्रजीत संपायचे. पालकांनी तीन पानांचे कोपरे दुमडून ठेवले होते. त्या पानांवर त्या विद्यार्थिनीचे एका मुलाशी जमलेले प्रेम होते, एक चुंबन होते. मी ती तीन पाने वाचली, वही खणात टाकली, लिहिणाऱ्या मुलीला बोलावून कडक समज दिली आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर वाईट वाचनावर दहा मिनिटे बोललो. पालक समाधानाने परत गेले होते. मुलांचे रक्षण केल्याचे समाधान मलाही होते.

वही खणातच राहिली. तिच्याकडे शेवटी येतो. आधी तिने माझ्यापुढे जो प्रश्न उभा केला, त्याचा विचार करू.

आवडत्या कादंबरीतली, चित्रपटातली, मालिकेतली पात्रे घेऊन वाचकांनीच पुढची गोष्ट रचायची, ही रीत आता जगभर पसरली आहे. पूर्वी असे लेखन सायक्लोस्टाइल केलेल्या हौशी अंकांतून फिरे; पुढे ते संगणकावर गेले आणि आता मुलांच्या हातातल्या मोबाइलवर आहे. आपल्याला याचे फारसे नवल वाटू नये. आख्यान लावणारा कीर्तनकारही पोथीत नसलेला संवाद पदरचा घालतोच. फरक इतकाच की, चाहत्यांच्या या मेळ्यात तेरा वर्षांची मुलगी आणि चाळिशीतली बाई एकाच पंगतीला बसलेल्या असतात, आणि शेजारच्या पानावर कोण आहे हे दोघींनाही ठाऊक नसते. त्यामुळे तिथे एक मागणी पुन्हा पुन्हा उठते: अमुक तऱ्हेच्या कथा काढून टाका, कारण इथे मुले आहेत. ‘मुलांसाठी’ हा शब्द एकदा उच्चारला की वाद संपतो. पुढे जो बोलेल तो मुलांच्या मुळावर उठलेला ठरतो. हे अस्त्र किती सोयीचे आहे हे मी जाणतो. इतकी वर्षे शाळेत मी ते वापरत आलो आहे.

हा युक्तिवाद जुना आहे, आणि तो मूर्खांचा नाही. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या खंडात तो मांडला. कोवळ्या वयात पडलेला ठसा पुसता पुसत नाही, रूपक कोणते आणि खरे कोणते हे मुलाला उमगत नाही. म्हणून त्याच्या कानी पडणाऱ्या गोष्टी, मग त्या होमरच्या का असेनात, पारखून घ्याव्यात. शिक्षक म्हणून यातले निम्मे मला मान्य आहे. पाचवीच्या वर्गात काय वाचून दाखवायचे हे मी निवडतोच. पण प्लेटो मुलांपाशी थांबला नाही. दहाव्या खंडापर्यंत येता येता देवांची स्तोत्रे आणि सज्जनांची स्तुती एवढेच काव्य त्याने नगरात ठेवले. मुलाच्या अंथरुणाभोवती घातलेले कुंपण सरकत सरकत गावाच्या वेशीला जाऊन भिडले.

कायद्यातही हेच घडले. इंग्लंडमध्ये १८६८ साली हिक्लिन खटल्यात अश्लीलतेची कसोटी ठरली ती अशी, की ज्यांची मने वाईट संस्काराला सहज बळी पडतील, अशांच्या हाती हे लिखाण पडले तर काय होईल? म्हणजे सर्वांत दुबळा वाचक हेच सर्व वाचकांचे माप. १९६४ साली रणजित उदेशी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी बऱ्याच अंशी स्वीकारली. ती बाजूला ठेवली गेली २०१४ साली. मधल्या काळातला एक खटला दिवाळी अंकांच्या वाचकांना तरी घरचा वाटावा. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. न्यायमूर्तींनी कथेचे काही कौतुक केले नाही. ती वाङ्मयदृष्ट्या उच्च प्रतीची नसेल, असेच म्हटले. पण केवळ स्त्रीपुरुषसंबंधांचा उल्लेख आला म्हणून लिखाण अश्लील ठरवायचे तर धार्मिक ग्रंथांवाचून दुसरे काही विकता येणार नाही, असा निकालाचा आशय होता. हे लिखाण ज्यांच्या हाती पडेल त्यांचा विचार न्यायमूर्तींनी टाळला नव्हता. मात्र त्यांनी तो अख्खी कथा वाचून केला होता. हे वाक्य लिहिताना मला खणातली वही आठवते.

मुलांच्या नावाने बोलणारा माणूस ढोंगी असतो, असे मला म्हणायचे नाही. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. फ्रेड्रिक वर्थम यांचे उदाहरण घ्या. कृष्णवर्णीयांच्या हार्लेम वस्तीत १९४६ साली त्यांनी गोरगरिबांसाठी मानसोपचाराचा दवाखाना काढला. शाळांमधला वर्णभेद मुलांना आतून कसा पोखरतो, याची त्यांनी न्यायालयात साक्ष दिली. याच सज्जन माणसाने १९५४ साली ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक लिहून चित्रकथांनी मुले बिघडतात असा डांगोरा पिटला. अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि धास्तावलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःभोवती एक आचारसंहिता आवळून घेतली. पुढे काय झाले पाहा. वंशभेदाविरुद्धच्या एका चित्रकथेत शेवटच्या चौकटीत अंतराळवीर शिरस्त्राण काढतो आणि तो कृष्णवर्णीय असल्याचे दिसते. संहितेच्या प्रशासकाने नेमकी त्यावरच हरकत घेतली. प्रकाशक हट्टाला पेटला, म्हणून ती कथा १९५६ साली छापली गेली. वर्णभेदाशी झगडणाऱ्या वर्थमना हे मुळीच नको होते. पण कुलूप एकाने करून दिले, तरी किल्ली कोणाच्या कमरेला लागेल हे त्याच्या हाती राहत नाही.

याहून बोचणारी गोष्ट पुढे उघड झाली. वर्थम यांची कागदपत्रे तपासून कॅरल टिली या संशोधिकेने २०१२ साली दाखवून दिले की, पुस्तकात मुलांच्या तोंडची म्हणून दिलेली विधाने त्यांनी अनेक ठिकाणी बदलली होती, सोयीचे तेवढे ठेवून बाकीचे गाळले होते. मुलांच्या वतीने इतक्या कळकळीने बोलणाऱ्याला मुलांचे बोलणे जसेच्या तसे चालले नाही! आणि गंमत अशी की, याच वर्थमनी १९७३ साली चाहत्यांच्या हौशी अंकांवर ‘द वर्ल्ड ऑफ फॅनझीन्स’ हे पुस्तक लिहून त्या लेखनाची वाखाणणी केली. चाहत्यांनी पाठवलेले अंक त्यांनी स्वतः वाचले होते. वाचल्यावर मत बदलते.

आता चाहत्यांच्याच अंगणातली गोष्ट. २००७ साली ‘लाइव्हजर्नल’ या संकेतस्थळावर अशा कथा लिहिणाऱ्यांची मोठी वस्ती होती. हॅरी पॉटरचे चाहते तर थव्यांनी होते. मुलांचे रक्षक म्हणवणाऱ्या एका बाहेरच्या गटाने मे महिन्यात तक्रार केली आणि चालकांनी सुमारे पाचशे खाती बंद करून टाकली. प्रत्येक खात्याबरोबर त्याच्या विषयांची एक यादी असे. त्या यादीत बलात्कार, बालकांवरील अत्याचार असले शब्द दिसले की खाते गेले. त्यात कथा गेल्या. नाबोकोव्हच्या ‘लोलिता’ या कादंबरीवर स्पॅनिशमध्ये चर्चा करणारा एक गट गेला. आणि ज्यांच्यावर अत्याचार झाले होते, ज्यांनी एकमेकांना धीर देण्यासाठी आपले गट केले होते, त्यांचेही गट गेले. पुढे कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली, बरीच खाती परत सुरू झाली. पण जे झाले त्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. ज्या वेदनेपासून मुलांना वाचवायचे होते, ती वेदना सोसलेलेच तिथे बोलत होते. त्यांना गप्प केले गेले, कारण वेदनेचे नाव त्यांनी उच्चारले होते.

त्याच वर्षी काही चाहत्यांनी एकत्र येऊन आपली संस्था काढली आणि २००९ साली ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे कथांचे भांडार उघडले. तिथे कथा केवळ विषयासाठी काढून टाकत नाहीत. तिच्या माथ्यावर पाटी लावतात. कथा कोणत्या वयाची, तीत हिंसा आहे का, बलात्कार आहे का, की लेखकाने काहीच न सांगायचे ठरवले आहे, हे आत शिरण्याआधी कळते. ही व्यवस्था मला शहाणपणाची वाटते. पण ती पुरेशी आहे, असे मी पालकांना सांगणार नाही. ‘मी सज्ञान आहे’ या बटणावर बारा वर्षांचे बोटही तितक्याच सहज पडते.

यावर एक बिनतोड वाटणारा आक्षेप आहे, आणि तो टाळून चालणार नाही. एखादा नीच प्रौढ माणूस अशीच कथा मुलाला दाखवून म्हणेल, “बघ, सगळीकडे असेच चालते.” असे घडते. पण तिथे गुन्हा कथेचा की माणसाचा? आपल्याकडचा २०१२ चा बाल-लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे तो अशा माणसासाठीच. खऱ्या मुलाला वापरून केलेल्या चित्रांना तर कलेच्या किंवा स्वातंत्र्याच्या नावाने क्षणभरही थारा मिळता कामा नये. मात्र तो माणूस पकडला जायचा तर मुलाने येऊन कोणाला तरी सांगायला हवे. आणि कालच ‘असले वाचतोस?’ म्हणून ज्याला आपण सर्वांसमोर उभे केले, ते मूल आपल्याला काय सांगणार? बंदीने मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधता येत नाही, हे आपल्याला ठाऊक असते. बांधले जाते ते त्याचे तोंड.

या सगळ्या वादात मूल म्हणजे नेहमी मुका वाचक असतो, याचे मला अलीकडे नवल वाटते. ते वाचेल आणि बिघडेल, एवढेच आपण गृहीत धरतो. ते लिहीत असेल, असे आपल्या मनात येत नाही. गोष्टीतल्या मुलाला कोणी मारले तर वळ उठत नाही; गोष्ट लिहिणाऱ्या मुलाच्या अंगावर तो आधीच असू शकतो.

त्या वहीचे पुढे असे झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्या मुलीची आई तिचा दाखला न्यायला आली. मुलींना घेऊन ती कायमची माहेरी निघाली होती. मी कारण विचारले. घरात काय चालत होते आणि किती वर्षे, हे तिने खाली बघत चार वाक्यांत सांगितले. ती गेल्यावर मी खण उघडला आणि वही पहिल्या पानापासून वाचली. ती जादूच्या शाळेतली विद्यार्थिनी सुट्टी लागली की रडायची, कारण सुट्टीत घरी जावे लागे. घरी दारावरच्या कडीचा आवाज कसा होतो, पट्टा कुठल्या खिळ्याला टांगलेला असतो, धाकट्या बहिणीला कुठल्या कपाटामागे लपवायचे, सगळे तपशीलवार होते. प्रेमाची पाने तेवढी तीन. बाकी दीडशेहून जास्त पानांत एक मूल मदत मागत होते, आणि ती वही सात महिने माझ्याच खणात होती.

मुलीची ओळख पटेल असे काही मी इथे ठेवलेले नाही. नंतर मी ती वही तिच्या नव्या पत्त्यावर पाठवली, सोबत क्षमा मागणारी चिठ्ठी लिहिली. उत्तर आले नाही. यावे अशी अपेक्षा करण्याचा हक्क मला नाही.

आजही तक्रारी येतात. वह्यांच्या कमी, मोबाइलच्या जास्त. मी त्या झटकून टाकत नाही. काही गोष्टी खरोखरच त्या वयाच्या नसतात, आणि तसे मी मुलांना तोंडावर सांगतो. फक्त आता दोन नियम पाळतो. कोपरा दुमडलेली पाने वाचून निकाल देत नाही. सगळे वाचतो, मग कितीही कंटाळा येवो. आणि मुलाला खुर्चीवर बसवून पहिला प्रश्न विचारतो, “हे लिहावंसं तुला का वाटलं?” बहुतेक वेळा उत्तर साधेच असते: “मजा म्हणून, सर.” तेवढ्याने मला बरे वाटते. पण उत्तर न देता एखादे मूल खाली बघत राहिले, तर त्या दिवशी मी पुढचा तास घ्यायला दुसऱ्या कोणाला पाठवतो आणि तिथेच बसून राहतो.