तुटेपर्यंत ताणू नये



पावसाळा तोंडावर आला की बदलापूरच्या पलीकडच्या गावांत, जिथे भातशेती अजून टिकून आहे तिथे, पडवीत ताडपत्रीखाली झाकून ठेवलेले पॉवर टिलर बाहेर निघतात. हा दोन चाकांचा छोटा ट्रॅक्टर. त्याचे दांडे धरून मागून चालायचे. मोठा ट्रॅक्टर जिथे वळत नाही अशा लहान खाचरांत तो उपयोगी पडतो. रस्त्याने नेताना त्याला रबरी टायर लागतात आणि चिखलणीला लोखंडी चाके. म्हणजे चाके बदलणे आलेच. पण यंत्र चार-पाच वर्षे पडून राहिले, मागचा चिखलही कुणी धुतला नाही, तर चाकाचा हब ॲक्सलवर इतका जाम होतो की दोन्ही एकाच लोखंडातून घडवले असावेत असे वाटते. मग घरातला कुणीतरी दातओठ खात घण उचलतो.

त्या उचललेल्या घणापाशी थांबून आज आपण एक प्रश्न विचारू या. जे हलत नाही त्यावर जोर लावण्याचा अधिकार आपल्याला केव्हा मिळतो?

शिवमंदिर परिसरातल्या आपल्या वस्तीला हा प्रश्न परका नाही. ऑर्डनन्स फॅक्टरी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, एमआयडीसीतले कारखाने, उल्हासनगरची छोटी वर्कशॉप्स यांत ज्यांनी हातात पाना धरला, अशी माणसे आपल्या कितीतरी घरांत आहेत. चांगला फिटर घण लगेच उचलत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तो आधी पाहतो, की याला धरून कोणी ठेवले आहे? एखादी पिन राहिली आहे का? आडवा बोल्ट काढला आहे का? पिन तशीच ठेवून घण घालणारा माणूस यंत्राशी नाही, स्वतःच्या अज्ञानाशी लढत असतो.

कधी दिशाच चुकलेली असते. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे सायकल दुरुस्त करणारा प्रत्येकजण जाणतो. ज्याला ते माहीत नाही तो ‘सैल’ करायला म्हणून पाना फिरवतो आणि पायडल अधिकच घट्ट करतो. जितका जोर जास्त, तितके काम कठीण. मग तो म्हणतो, “फार हट्टी आहे!” पण हट्ट कुणाचा?

पिन काढली, दिशाही बरोबर आहे, तरी हब हलत नाही. आता उरला गंज. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज धरतो आणि तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. हब आणि ॲक्सल यांच्यातल्या केसाएवढ्या फटीत तो फुगतो आणि पाचरीसारखा बसतो. त्याची ताकद दगड फोडण्याइतकी असते. आपल्या शेजारचे शिवमंदिर इ.स. १०६० मधले. अथेन्सचे पार्थेनॉन मंदिर त्याहूनही सुमारे दीड हजार वर्षांनी जुने. प्राचीन कारागिरांनी तिथले संगमरवरी दगड लोखंडी पट्ट्यांनी जोडताना पट्ट्यांभोवती शिसे ओतले होते, म्हणून पाणी आत शिरले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकोलाओस बालानोस या अभियंत्याने दुरुस्ती करताना नव्या लोखंडी पट्ट्या घातल्या, पण त्यांना शिशाचे आवरण नव्हते. त्या गंजल्या, फुगल्या आणि त्यांनी संगमरवर तडकवला. पुढच्या पिढीला त्या काढून टायटॅनियमच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या.

म्हणजे जाम झालेला भाग हट्टी नसतो. त्याच्याकडे वर्षानुवर्षे कुणी पाहिलेले नसते. दुर्लक्ष वर्षांचे आणि सुटका मात्र आपल्याला पाच मिनिटांत हवी असते. घणाचा पहिला अन्याय हाच.

मग काय करायचे? आपल्याकडे म्हण आहे, शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ. पण जाणकार फिटर शक्ती सोडून देत नाही, तो तिला क्रम लावतो. आधी तारेच्या ब्रशने माती आणि वरचा गंज काढतो. मग डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल टाकतो आणि रात्रभर मुरू देतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकतो. नट असेल तर सैल करण्याआधी तो किंचित आवळून पाहतो, म्हणजे गंजाची पकड मोडते. मग थोडा पुढे, थोडा मागे. हब असेल तर पुलर लावून ताण देतो आणि मध्ये लाकूड किंवा पितळ धरून हलके ठोके मारतो. तेवढ्याने भागले नाही, तर टायर उतरवून, तेलाची टाकी दूर करून हब तापवतो. टायर चढवलेला असताना चाक तापवले तर तो फुटून माणूस दगावू शकतो. पाच सेंटिमीटरचे भोक दोनशे अंशांनी तापले तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून किंचित अधिक मोठे होते. एवढीशी फट, पण बऱ्याचदा तीच पुरते.

याला आपण धीर म्हणतो. धीर म्हणजे हात बांधून बसणे नव्हे, हे इथे स्पष्ट दिसते. फिटर रोज काहीतरी करतो, फक्त वेळेला तिचे काम करू देतो.

आणि कधीकधी हे सगळे करूनही भाग सुटत नाही. तेव्हा तो छिन्नीने नट फोडतो किंवा करवतीने हब कापतो. हाही जोरच, पण तो न्याय्य आहे. सगळे उपाय करून झाले आहेत आणि काय गमावायचे हे त्याने विचारपूर्वक ठरवले आहे. ॲक्सल वाचवायचा, नट जाऊ द्यायचा. रागाच्या भरात पान्याला लांब पाइप अडकवणाऱ्याच्या हाती ही निवड राहत नाही. काय तुटेल ते नशीब ठरवते.

यंत्राचे हे शहाणपण माणसांना लावता येईल का? बरेचसे येईल. आपल्या भागात शेतांच्या जागी इमारती आल्या, गुंठ्याला भाव आला आणि सातबाऱ्यावरच्या नावांपायी भाऊ भावाशी बोलेनासा झाला. “तो ऐकतच नाही,” असे आपण म्हणतो. पण त्याला धरून ठेवणारी पिन कोणती, हे विचारले का? मधल्या दहा वर्षांत कुणी चौकशीला गेले होते का? की थेट वकिलाची नोटीस आणि चारचौघांत केलेला अपमान, म्हणजे पान्याला लावलेला पाइप?

मात्र एक फरक विसरता येणार नाही. यंत्रात कोणता भाग कापायचा हे फिटर ठरवतो, कारण नटाला विचारायचे नसते. माणसांच्या बाबतीत तो अधिकार कुणालाच नाही. घर वाचावे म्हणून दुसऱ्याला स्वस्त भाग समजून कापून टाकणे हा जुलूम आहे, मग तो धाकटा भाऊ असो, विधवा वहिनी असो की म्हातारी आई. इथे तोडायचा हक्क आहे तो फक्त आपल्या बाजूच्या नटावर, म्हणजे आपल्या शेवटच्या शब्दावर, “आधी त्याने यावे” या अटीवर, कधी आपल्या वाट्यातल्या थोड्या हिश्शावरही. अन्याय झाला असेल तर न्याय जरूर मागावा. पण न्याय मागणे वेगळे आणि समोरच्याला मोडणे वेगळे.

या आठवड्यात अशा एका बंद घराची पायरी चढून पाहू या. दार लगेच उघडले नाही, तर आज तेल टाकून आलो असे समजू या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊ या.