बोटाचं मोल

आमच्या भागातली पुष्कळ पोरं चाकण-भोसरीच्या कारखान्यांत कामाला आहेत. सणाला गावी येतात तेव्हा त्यातला एखादा हात खिशात घालूनच बोलतो. पॉवर प्रेसखाली बोट गेलेलं असतं. कसं झालं विचारलं, तर म्हणतो, "लक्ष नव्हतं, काका."

मला हे पटत नाही. पत्रा साच्यात ठेवायचा, प्रेस खाली येते, नग काढायचा, पुढचा पत्रा ठेवायचा. पाळीभर हेच. इतका वेळ लक्ष कुणाचं टिकतं? ते ढळणारच, हे धरूनच प्रेसला दोन बटणं देतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच ती खाली यावी. सेन्सर असला तर आत हात दिसताच मशीन थांबतं. पण त्यानं नग कमी निघतात. मग कुठं सेन्सर बंद करतात, कुठं बटणांऐवजी पायाचं पेडल लावतात. यंत्राच्या धोक्याच्या भागाला आडोसा हवा आणि यंत्र चालू असेतो तो जागेवर हवा, हे १९४८ च्या कारखाने कायद्यानंच सांगितलं होतं.

कडबाकुट्टी अन् मळणीयंत्रातही हात जातात. पण आपल्या कडबाकुट्टीवर घाई आपली, बोटही आपलंच. मजूर लावला की तिथंही हाच प्रश्न उभा राहतो: घाई माझी अन् बोट त्याचं, हे कसं चालेल? छोटा कारखानदार म्हणेल, वरची कंपनी भाव वाढवून देत नाही. खरं असेल. तरी कमी भावाची भरपाई पोराच्या बोटानं का व्हावी?

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात तक्ताच दिला होता. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली, अंगठ्याजवळचं बोट १४, मधलं १२, करंगळी ७. पैसे मिळायलाच हवेत. पण त्या हातानं धार काढणं, दाव्याची गाठ मारणं, लेकराच्या सदऱ्याचं बटण लावणं कुठल्या टक्क्यात बसतं? अन् पैसे दिले म्हणजे सेन्सर बंद ठेवायची मुभा विकत मिळाली, असंही नाही.

गाड्यांना अडचण होते म्हणून वाटेवरच्या विहिरीचा कठडा कुणी पाडला आणि आत पडलेल्याला "बघून चालावं" म्हणाला, तर गाव त्याला सोडणार नाही. कारखान्यातल्या पोराला मात्र आपण सगळेच विचारतो, लक्ष कुठं होतं तुझं? आधी विचारायला हवं, कठडा कुणी काढला?