माहूरचे शिखर आणि स्थानवंदन

स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही चार महानुभाव आचारधर्मात वंदनीय मानिली आहेत. त्यांपैकी स्थानाचा अर्थ कळण्यास माहूरचे शिखर हे उत्तम उदाहरण होय.

या डोंगरावर मनुष्याचा वावर फार प्राचीन आहे. खडकात कोरलेली लेणी आहेत, किल्ल्याचे लांबच लांब तट आहेत, माथ्यामाथ्यावर देवळे आहेत. १५७४ साली निजामशाहीने वऱ्हाडची इमादशाही बुडविली. १५९६ साली वऱ्हाड मोगलांकडे गेले. ज्यांनी या गडासाठी रक्त सांडले, त्यांपैकी कोणाचीही सत्ता आज उरलेली नाही.

येथे शंका अशी की, डोंगर हा जड, अनित्य प्रपंचातील पदार्थ. त्यास नमस्कार करणे ही प्रपंचाचीच भक्ती नव्हे काय? समाधान असे : नमस्कार पाषाणास नाही, संबंधास आहे. उंची, प्राचीनता वा वनशोभा यांमुळे माहूर वंद्य झाले नाही. देवदेवेश्वर हे चतुर्युगी अवतार श्रीदत्तात्रेयप्रभूंचे निद्रास्थान. म्हणून ते वंद्य. फलटणचे श्रीचक्रपाणिप्रभू यात्रेच्या निमित्ताने याच पर्वतावर आले. तेथे श्रीदत्तात्रेयप्रभूंनी व्याघ्ररूपाने त्यांच्या मस्तकी पंजा ठेविला आणि श्रीचक्रपाणिप्रभूंनी शक्तिस्वीकार केला. राजांचा संबंध तुटला की गड ओस पडतो. परमेश्वराचा संबंध मात्र स्थानास सोडीत नाही.

म्हणून शिखरावर जाणाऱ्याने आपले अंतःकरण तपासावे. संतती, धन, आरोग्य यांची याचना घेऊन जो चढतो, तो परमेश्वराच्या द्वारी उभा राहूनही देवताफळच मागतो. राज्य मागणारे येथे पुष्कळ येऊन गेले; त्यांना मिळालेले राज्यही टिकले नाही. अनन्य भक्ताने मागावे ते स्मरण. त्याच वाटेने अन्य देवतांचे यात्रेकरू चालत असतात. त्यांचा उपहास करू नये. अनन्यता ही आपल्या चित्ताची शुद्धी आहे, दुसऱ्याला दुखविण्याचे शस्त्र नव्हे.

वृद्ध वा रुग्ण वासनिकास चढवत नसेल, तर त्याने खंत करू नये. पायथ्याशी बसून, किंवा घरीच, त्या लीळेचे स्मरण करावे. स्मरणाविना माथा गाठणाऱ्यापेक्षा तो स्थानाच्या अधिक निकट असतो. आणि जो माथ्यावर पोहोचला, त्याची खरी परीक्षा उतरताना होते. गावी परतल्यावर वाणी मृदू झाली, हिंसा टळली, नामस्मरण वाढले, तरच त्याचे स्थानवंदन घडले असे समजावे.