खोकला व धीर

दुखणे मुकाट्याने सोसणे यालाच धीर म्हणावे काय? बारामती व इंदापूर या तालुक्यांत ऊसतोडीच्या दिवसांत हा प्रश्न सहज उद्भवतो. पाचट जाळल्याचा धूर, वाटेवरची धूळ व पहाटेची थंडी यांनी दमेकऱ्याचा खोकला बळावतो. जोर फार झाला म्हणजे डॉक्टर स्टेरॉइडच्या गोळ्या देतात व बहुधा लवकर आराम पडतो. परंतु त्या दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात व रक्तातील साखर वाढते. म्हणून पुढे मात्रा कमी करावी लागते, आणि नेमका तेव्हाच खोकला पुनः डोके वर काढतो.

अशा वेळी एक जण रागावून गोळी एकदम सोडतो. दुसरा भिऊन जुन्या चिठ्ठीवर आणखी गोळ्या आणतो. दोघेही अधीरच होत.

प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर एक लहान ग्रंथी असते. शरीराला लागणारे याच जातीचे द्रव्य ती रोज निर्माण करिते. बाहेरून गोळी तीन आठवड्यांहून अधिक काळ मिळत राहिली, तर ती ग्रंथी मंदावते. दावणीला बसून राहिलेल्या बैलावर पहिल्याच दिवशी उसाची भरली गाडी कोण लादील? गोळी एकाएकी सोडणे म्हणजे हेच होय. त्याने भोवळ, ओकारी व अतिशय अशक्तता येते, आणि प्रसंगी प्राणावरही बेतते.

सन 1948 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकात डॉ. हेंच यांनी सांधे आखडलेल्या रोग्यांस कॉर्टिसोन दिले, तेव्हा त्यांना पाहून लोक थक्क झाले. 1950 साली हेंच व आणखी दोन शास्त्रज्ञ यांस नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु औषध थांबताच दुखणे परत येते, हेही लवकरच कळून आले. अर्थात् आराम पडणे निराळे व रोग जाणे निराळे.

म्हणून मात्रा उतरत असता खोकला राहिला, तर तो लपवू नये. दमा पुरता शमला नसेल. पोटातील आंबट पाणी वर येत असेल. रक्तदाबाची एखादी गोळीही खोकला आणते. शिवाय स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती घटते; यास्तव खोकला दोन आठवड्यांपलीकडे गेल्यास क्षयाकरिता थुंकी तपासावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी विनामूल्य होते. ओढावयाचा पंप दिलेला असल्यास तो आपल्या मनाने बंद करू नये. धुरापासून दूर राहावे व कोमट पाणी प्यावे. थुंकीत रक्त, ताप, धाप किंवा भोवळ दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

प्रियजनहो, आजाऱ्याच्या भेटीस जाता तेव्हा, "अजून गोळ्याच घेता काय?" असे म्हणून त्यास लाजवू नका. ती लाज एखाद्याच्या जिवावर उठेल. "खोकल्याविषयी डॉक्टरांस सांगितले काय?" असे विचारा, आणि जरूर तर त्याच्यासंगती जा. सत्य सांगून हळूहळू पावले टाकणे, हाच खरा धीर होय.