उधारीच्या वहीतले मतदार

पंचायत समितीला उभं राहा म्हणून गणातली मंडळी मामांच्या भवानीनगरच्या दवाखान्यात येऊन गेली. मामांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

“विचार कसला करताय?” मी म्हणाले. “लिओ वराडकर बघा. मूळ मालवण तालुक्यातल्या वराडचे. वडील डॉक्टर, आई नर्स, स्वतः डब्लिनमध्ये डॉक्टर झाले आणि २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान. मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, डॉक्टर म्हणून पुन्हा नाव नोंदवलं आणि आठवड्यातला अर्धा दिवस फोनवर पेशंटची चौकशी करायचे. दोन्ही जमतं की!”

“तेच खटकतं. फोन घ्यायला बाकीचे डॉक्टर होतेच. देश किती दिवस बंद ठेवायचा, हा प्रश्न त्यांच्या टेबलावर होता. मग तो अर्धा दिवस कुणाचा?”

“पण फायलीतून खोकला ऐकू येतो का, मामा?”

“नाही येत. पण ज्याचा ऐकला, त्याच्याकडेच मन ओढ घेतं. ज्याचा फोनच लागला नाही, त्याचं काय?”

हे मला पटलं नाही. मन कुणाकडेच ओढ घेत नाही असा पुढारी काय कामाचा? तोवर मामांनी खणातून लांबट वही काढली. नाव, वस्ती, आकडा, आणि बहुतेक ओळींपुढे एकच शेरा: ऊसबिल आल्यावर.

“ही माणसं मला मोकळ्या मनाने ‘नाही’ म्हणू शकतील?”

“उधारी माफ करून टाका.”

“निवडणुकीच्या तोंडावर? त्याला काय म्हणतात, ठाऊक आहे ना?”

दोघंही हसलो. “इथे अशी वही कुणाकडे नसते?” मी म्हणाले. “कुणाकडे ऊसतोडीची, कुणाकडे कालव्याच्या पाळीची. तुमची त्यातल्या त्यात निरुपद्रवी.”

“निरुपद्रवी? तोडीसाठी हातापाया पडणारा माणूस कारखान्याला आपला आजार सांगत नाही. मला सांगतो. कुणाला टीबी होऊन गेला, कुणाच्या लेकीला फिट येतात, सगळं मला माहीत. उद्या मी सभापती झालो, तर त्या माहितीची भीती वाटायला मी तोंड उघडायचीही गरज नाही.”

यावर मला उत्तर सुचेना. “नको वाटलं तर सोडता येतं,” एवढंच म्हणाले. “२०२४ मध्ये वराडकरांनी स्वतःच सांगितलं, या पदाला आता मी सर्वांत योग्य माणूस नाही.”

“पद सोडता येतं गं. पेशंट परत येतील का? अजून अर्ज भरला नाही, तर पलीकडच्या गटाची चार घरं तापालासुद्धा बारामतीला जायला लागलीत.”